आधी मी बसतो

“तू नको बसू. त्याले बसू दे.”

देशमुख हे मला म्हणाले, त्यांच्या अंगणात, चारचौघांसमोर. मी नुसता खुर्चीच्या हाताला धरून वाकलो होतो. त्याले म्हणजे किसनाला. किसना माझा भागीदार. घाटंजीच्या बाजारात आम्ही दोघं जुनं लाकूडसामान विकायचो. पलंग, पेट्या, खुर्च्या. आदल्याच वर्षी आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता, गावकीची कामं टाकून दिली होती, म्हणून मी या धंद्यात आलो. किसना जातीनं वरचा. माल पाहायला तो ओसरीवर चढायचा, मी खाली.

आमच्या धंद्यात म्हणतात, खुर्ची बसल्याबिगर बोलत नाही. दिसायला धडधाकट असते, पण बसून मागं रेललं की ढिला सांधा कुरकुरतो, वेत कुठं सैल झालाय ते पाठीला कळतं. बसल्याशिवाय भाव करताच येत नाही.

किसना बसला. जुन्या सागवानाची आरामखुर्ची, लांब हातांची, वेतानं विणलेली. त्यानं पाय पसरले, डोळे मिटले. आतून त्याच्यासाठी कपबशीत चहा आला. मी उन्हात उभा. खरं सांगतो, त्या वेळी मला देशमुखांचा राग आला नाही. किसनाचा हेवा वाटला. त्याच्या बुडाचा हेवा वाटला. खुर्चीचा पाय मोडावा आणि हा उताणा पडावा, असं मनात आलं. पैसे दोघांचे, बसणं एकट्याचं.

सौदा झाला. “उचल आता,” देशमुख मला म्हणाले. गाडी वेशीबाहेर होती, तिथवर मी खुर्ची डोक्यावर नेली. म्हणजे माझ्या डोक्यावर खुर्ची बाटत नव्हती. बुडाखाली बाटत होती.

वाटेत नाल्यावर बैलांना पाणी पाजायला थांबलो. मी खुर्ची खाली उतरवली आणि तिच्यात टेकलो. नीट बसलोही नव्हतो.

“उठ बे!” किसना ओरडला. “कोनं पाह्यलं तं गिऱ्हाईक भेटन काय?”

मी उठलो. अंगाला उठायची सवयच होती. देशमुखांच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं. किसना माझ्या घरी जेवलेला माणूस.

बाजाराच्या दिवशी कापसाचे एक शेठ खुर्चीपाशी थांबले. किसनाला जोर चढला.

“देशमुखाच्या आज्याची हाय, शेठजी. त्यायच्या घरच्याबिगर कोनाचं अंग लागलं नाही हिले.”

शेठ खूश. याच वाक्यावर भाव चढला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. किसना सागवान विकत नव्हता. मी या खुर्चीत बसलो नाही, हे विकत होता. माझं उभं राहणं विकत होता, आणि त्यातला अर्धा वाटा मलाच देणार होता!

खुर्चीलाही आजा होता. त्याचं नाव घेतलं की किंमत वाढायची. माझा आजा जन्मभर दुसऱ्यांच्या अंगणात उकिडवा बसला. त्याचं नाव बाजारात कोणी कधी विचारलं नाही. मी त्या लाकडावरही जळलो.

मी पुढं झालो आणि बसलो. भर बाजारात. मागं रेललो, पाय पसरले, अगदी किसनासारखे. खुर्ची कुरकुरली नाही.

“आता लागलं अंग,” मी म्हणालो. “बोला शेठजी, काय देता?”

शेठ धोतर सावरत मागं सरकले आणि निघून गेले.

“काहून बसला बे तू?” किसना रडकुंडीला आला. “माती केली मालाची!”

“तुले बसता येते, तं मले काहून नाही?”

त्याच दिवशी भागीदारी मोडली. खुर्ची माझ्या वाट्याला आली, कारण ती आता किसनाला नको होती. पुढं त्याचं दुकान माझ्यापेक्षा मोठं झालं. त्याच्या दुकानावरून जाताना अजून पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

पण मीही धंदा सोडला नाही. बाजारात खुर्ची मांडली की गिऱ्हाइकासमोर आधी मी बसतो. मागं रेलतो, सांधा ऐकतो, मग बसूनच भाव सांगतो. ज्याला माझ्यामागून बसायचं नसेल, त्यानं उभं राहावं.