तपासणीचा दोर

आमच्या फायर स्टेशनात वर्दीचं एक जाडजूड रजिस्टर आहे. त्यात चार रकाने: फोन केव्हा आला, कुठून आला, बंब केव्हा निघाला, केव्हा परतला. पाचवा रकाना नाही! त्यामुळे मधल्या वेळात जे काही घडतं ते माझ्या डोक्यात साठत जातं आणि घरी गेले की आईच्या पोळ्या लाटून होईपर्यंत मी बोलतच असते. आई म्हणते, "हळू बोल गं, शेजारी ऐकतात." ऐकू देत! शेजाऱ्यांकडे आग लागली तर बंब इथूनच यायचा आहे. त्यांना कळलेलं बरं.

०

मी बी.ए. झाले आणि इथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. स्वभाव भित्रा. शेजारच्या घरात भांडं पडलं तरी माझ्या हातातलं पुस्तक खाली. अशा मुलीचं काम काय, तर फोन घ्यायचा, पत्ता लिहायचा आणि भिंतीवरचं लाल बटण दाबायचं. बटण दाबलं की अख्ख्या स्टेशनात घंटा घणघणते.

पहिल्या दिवशी पहिली वर्दी आली. मी बटण दाबलं, घंटा झाली आणि मी अशी दचकले की शाईची दौत थेट रजिस्टरवर.

बंबाकडे धावता धावता गुलाबराव थांबले. गुलाबराव म्हणजे आमचे सगळ्यात जुने फायरमन. मिशा पांढऱ्या, अंगकाठी बारीक, विहिरीत उतरायचं काम कायम त्यांचंच.

"काहून वं बाई," ते म्हणाले, "घंटी तुम्हीच वाजवता अन् तुम्हीच दचकता!"

याला तीन वर्षं झाली. अजून दचकते.

०

विहिरीची वर्दी आली की गुलाबराव आधी माझ्या टेबलाशी येतात, मनगटावरचं घड्याळ काढतात आणि रजिस्टरवर ठेवतात.

"ठेवा बाई. माह्या पोरीनं घडी घेऊन देली. भिजली तं रागावते मले."

मग जातात. ते परत येईपर्यंत ते घड्याळ माझ्यासमोर टिकटिक करत असतं, आणि मला त्या काट्यांकडे बघवत नाही. कारण मला दोर माहीत आहे. ज्या दोरावर गुलाबराव खाली उतरतात तो तीन जागी तुटलेला आणि तीन जागी गाठ मारलेला. गुलाबराव त्याला 'म्हातारी' म्हणतात. "म्हातारी कुरकुर करून राहिली आज," असं परत आल्यावर हसत सांगतात. मला हसू येत नाही.

आणि नवा दोर? आहे ना! पांढरा, जाड, एकही गाठ नसलेला मनिला दोर स्टोअरमध्ये आहे. गुंडाळून खुंटीला टांगलाय. त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे: 'तपासणीसाठी'. स्टोअरला पितळी कुलूप, आणि किल्ली स्टोअरकीपर वामनरावांच्या कमरेला.

मी एकदा धीर करून विचारलं, "वामनराव, तो दोर गुलाबरावांना का देत नाही?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी जणू देव्हाऱ्यातला देव खेळायला मागितला. म्हणाले, "बाई, वापरला तर जुना नाही का होणार?"

०

मी अर्ज केला. गुलाबरावांच्या नावाने, माझ्या अक्षरात. 'विहिरीतील बचावकार्यासाठी नवीन दोर मिळावा.'

दीड महिन्याने उत्तर आलं. 'आपल्या केंद्राच्या भांडारात नवीन दोर उपलब्ध आहे. सबब मागणीची आवश्यकता दिसून येत नाही.'

मी दुसरा अर्ज केला: 'भांडारातील दोर वापरण्यास परवानगी मिळावी.' उत्तर आलं, 'सदर दोर तपासणीसाठी असल्याने वापरता येणार नाही.'

दोन्ही कागद मी गुलाबरावांना रागारागाने वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे विडी विझवली आणि म्हणाले, "अक्षर मस्त हाये बाई तुमचं."

०

धरमपेठेतून फोन. एक गृहस्थ. घरात धूर झाला आहे म्हणाले.

"पत्ता सांगा," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"फायर स्टेशन. पत्ता सांगा."

"बाई दिसताय. कोणी पुरुष माणूस नाही का तिथे? त्यांना द्या फोन."

मागे कोणीतरी खोकत होतं, भांडी पडत होती, एक बाई 'अहो, अहो' करून ओरडत होती. आणि हे गृहस्थ पुरुषाची वाट बघत होते! माझे कान तापले.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्हाला पुरुष पाठवू की बंब?"

मागे आणखी एक भांडं पडलं.

"...बंब," ते म्हणाले, आणि पत्ता सांगितला.

०

सदर भागातल्या चौकात ट्रॅफिकचे एक हवालदार उभे असतात. पट्ट्यात छत्री खोवलेली, हात मात्र मोकळे. आमच्या स्टेशनात पाणी प्यायला येतात म्हणून ओळख. त्यांच्या शिट्टीतली गोळी हरवली होती. नव्या शिट्टीसाठी अर्ज दिला, तर उत्तर आलं, 'जुनी शिट्टी जमा केल्यावर नवी मिळेल.' जुनी जमा केली. नवी आली नाही!

तेव्हापासून ते दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत. कॉलेजची पोरं चौकातून सायकलवर जाताना उलट शिट्टी मारत. हवालदार रागाने लालबुंद होत, पण तोंडात बोटं असल्याने शिवीही देता येत नसे.

एकदा आमचा बंब आगीवर निघाला होता. चाचा गाडी चालवत होते. चाचा म्हणजे आमचे जुने ड्रायव्हर, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. बंबाची घंटा वाजत होती, तरी चौकात हवालदारांनी हात आडवा केला.

"थांबा! मोठ्या पाहुण्यायची गाडी येऊन राहिली. वरून ऑर्डर हाये."

"आग लगी है, हवालदारसाहब!"

"मले सांगून काय फायदा गा? मी काय ऑर्डर काढतो?"

बंब उभा. घंटा वाजतेय. पाहुण्यांचा पत्ता नाही. शेवटी चाचांनी खिडकीतून मान काढली आणि ओरडले, "फिर एक काम करो! ज़रा उधर जाके आग को भी हाथ दिखा दो, वो भी रुक जाएगी!"

चौकातली सगळी माणसं हसली. हवालदारांनी हात खाली केला. हे मला चाचांनी सांगितलं तेव्हा मीही हसले, आणि मग घरी जाऊन रडले. ज्याचं घर जळत होतं त्याला कोणी सांगणार होतं का, की आम्ही कोणासाठी थांबलो होतो?

०

जरीपटक्याच्या बाजारातून वर्दी आली. खाली कापडाचं दुकान, वर राहतं घर, आणि वरच्या मजल्यावर दुकानदाराची म्हातारी आई अडकलेली. जिन्यात धूर.

मी बटण दाबलं, दचकले, बंब निघाला. पाचव्या मिनिटाला मला आठवलं की बंबावर शिडी नाही! ती सकाळीच कमान बांधायला नेली होती. कोणाचा तरी सत्कार होता. 'दोन तासांत परत देतो' म्हणून नेली होती.

तिथे पोचल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुकानदाराने कपाळावर हात मारला, मग स्वतःच आतले कापडाचे गठ्ठ्यावर गठ्ठे आणून रस्त्यावर रचायला लागला. शेजारच्या दुकानदारांनी आपलेही आणले. त्या चळतीवर उभं राहून गुलाबरावांनी खिडकीतून आजीला काढलं आणि कडेवर घेऊन उतरले.

आजी खाली आल्या, पदर सारखा केला, बंबाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "बेटा, तुम लोगों की सीढ़ी कहाँ है?"

गुलाबराव म्हणाले, "माताजी, सत्कार में गई है."

०

तपासणी! या एका शब्दाने आमच्या स्टेशनात जेवढी धावपळ होते तेवढी आगीनेही होत नाही.

मोठे साहेब येणार म्हणून सकाळपासून सगळे पितळ घासत होते. बंब आरशासारखा चकचकीत. भिंतीवरच्या काचेच्या पेटीत एक लाल दांड्याची कुऱ्हाड असते, पेटीवर लिहिलेलं असतं 'प्रसंगी काच फोडा'. ती काचसुद्धा वामनरावांनी स्वतः पुसली. नवा दोर स्टोअरमधून बाहेर आला, पांढऱ्या चादरीवर वेटोळं करून ठेवला गेला.

साहेब आले. दोराला हात लावला. म्हणाले, "वा! उत्तम." वामनराव नव्या नवरीच्या बापासारखे लाजले. कोपऱ्यात तीन गाठींची म्हातारी पडली होती, तिच्यावर पोतं टाकलेलं होतं.

मग साहेब म्हणाले, "पाणी मारून दाखवा."

पाण्याचा होज ताणला. पंप सुरू झाला. होजच्या तोंडातून आधी हवा आली, मग दोन थेंब आले, मग काहीच नाही.

"पाणी कुठे आहे?" साहेबांचा आवाज चढला.

आमचे स्टेशन ऑफिसर खाली मान घालून उभे. शेवटी मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "सर, बंब धुतला ना."

बंबाच्याच टाकीतल्या पाण्याने बंब धुतला होता!

शेऱ्यांच्या वहीत साहेबांनी काय लिहिलं ते मी वाचलं आहे. 'पाण्याची व्यवस्था असमाधानकारक. दोर उत्तम स्थितीत.'

०

आणि आता हे.

मे महिना. दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वस्तीतल्या एका विहिरीत पाणी शेंदताना मुलगी पडल्याची वर्दी आली. सात-आठ वर्षांची. मी बटण दाबलं. गुलाबराव आले, घड्याळ काढून रजिस्टरवर ठेवलं, आणि म्हातारीला खांद्यावर टाकून गेले.

बंब त्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरने नेला होता; स्टेशनात मी आणि चाचा उरलो. स्टेशनची जीप अंगणात उभी होती. वामनराव लग्नाला गेले होते, जेवायला. किल्ली त्यांच्या कमरेला.

घड्याळ टिकटिकत होतं.

फोन वाजला. मी दचकले. विहिरीजवळच्या पिठाच्या गिरणीतून आमचाच एक फायरमन बोलत होता, धापा टाकत. "बाई, दोर गेला! मधल्या गाठीत सुटला!"

"गुलाबराव?"

"खाली हायेत. पोरीले खांद्यावर घेऊन कपारीले धरून राहिले. पाणी गळ्यापावतर हाये. हात सुटला तं दोघंही जातीन. दोर पाठवा बाई, लवकर पाठवा!"

मी फोन ठेवला. घड्याळाकडे बघितलं. मग उठले. भिंतीपाशी गेले. काचेवर पेपरवेट मारला. काच फुटली, मी दचकले, कुऱ्हाड काढली आणि स्टोअरकडे पळाले. चाचा अंगणातून धावत आले.

"बेटी, हटो, मैं मारता हूँ!"

"तुम्ही जीप सुरू करा, चाचा!"

जीप सुरू झाली तेव्हा दोर माझ्या हातात होता. चिठ्ठीसकट. तो मी मागच्या सीटवर फेकला, आणि फोनपाशी कोणीतरी हवं म्हणून परत येऊन बसले. पुढचा अर्धा तास मला आठवत नाही. फक्त ते घड्याळ आठवतं.

मग बंबाची घंटा ऐकू आली. गुलाबराव अनवाणी, चिखलाने माखलेले, आत आले. मुलगी आईच्या मांडीवर बसून चहात बुडवून पाव खातेय म्हणाले. मग घड्याळ उचलण्याआधी ओले हात सदऱ्याला पुसायला गेले, तर सदराही ओला. शेवटी माझ्या पदराला पुसले.

तळहात दाखवून म्हणाले, "नवा दोर टोचते बाई. वापरून वापरून नरम करा लागन."

दुसऱ्या दिवशी वामनरावांचा अहवाल वर गेला. काच, एक, फुटलेली. कुलूप, एक, तुटलेलं. दोर, ओला व मळकट. आणि खाली: 'काच फोडण्यापूर्वी परवानगी घेण्यात आली नाही.'

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. मी टेबलासमोर उभी राहिले. हात मागे घट्ट धरून ठेवले होते. दाराशी गुलाबराव आणि चाचा उभे होते, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला. बाहेर कुठेतरी दार आपटलं आणि मी दचकले.

साहेब माझ्याकडे बघतच राहिले.

"कुलूप तुम्ही फोडलं?"

"हो, साहेब."

"तुम्ही? एकटीने?"

"हो."

"भीती नाही वाटली तुम्हाला?"

"वाटली ना, साहेब," मी म्हटलं. "म्हणून तर तीन घाव लागले. नाहीतर एकातच तुटलं असतं."