लाटसाहेबाकडे पाठ

मंडळी, राज्यपालांच्या गाड्या जायच्या म्हणून आज खोपोलीत पोलिसांनी आम्हाला रस्त्याकडेला थांबवलं. गाड्या आल्या आणि मी चक्क पाठ करून उभा राहिलो!

नात हसली, "आजोबा, तिकडं काय बघताय?"

माझे बाबा ठाकुरवाडीला रेल्वेत गँगमन. इंग्रज गव्हर्नरची, म्हणजे लाटसाहेबाची गाडी जाताना गँगमननं वर न बघता रुळाकडे पाठ करायची, असा साहेबाचा हुकूम; हे माझ्या आज्याने त्यांना शिकवलेलं. स्वातंत्र्यानंतर राज्यपालांची गाडी आली, तरी बाबा तसेच उभे. मलाही खांद्याला धरून वळवायचे.

एकदा मी सगळ्या गँगसमोर ओरडलो, "बाबा, तुमी गुलामच ऱ्हायलात!"

त्यांनी मान खाली घातली. "सवय हाय रं," एवढंच म्हणाले.

आज नातीला मीही तेच उत्तर दिलं. बाबांची माफी आता कुठं जाऊन मागू?