दुसरा डाख

कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडतंय हे अण्णा मला सांगायचे नाहीत, मीच त्यांना सांगायचो. "तम्मा, नाक लाव बघू. काय म्हणते?" असं ते विचारायचे. मी बॉनेटखाली वाकायचो आणि म्हणायचो, "पेट्रोल मारतंय अण्णा." मग "सरी" म्हणून ते पाना उचलायचे. मला वाटायचं, शिकवताहेत.

अण्णा म्हणजे माझे मिस्त्री. बसवनगुडीच्या एका गल्लीत त्यांचं जुन्या गाड्यांचं गॅरेज होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलायचे, पण निम्मं कन्नडात भिजवून: तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, सरी म्हणजे बरं. मी निपाणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. या शहरात माझं कोणी नसताना त्यांनी ठेवून घेतलं, गॅरेजवरची खोली दिली, आणि बारा वर्षांत एकदाही 'शिकला का नाहीस' म्हणून विचारलं नाही. हे उपकार आहेत, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

कोरोनानंतर गिऱ्हाइकांत कुजबूज झाली होती की अण्णांचं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. मोठं काम येईनासं झालं. मग एक निवृत्त डॉक्टरबाई वडिलांची काळी गाडी घेऊन आल्या. टेम्पोवर चढवून आणली होती, आत उंदरांची घरं. आठ महिने खपून आम्ही ती उभी केली. अण्णा म्हणायचे, "ही आपल्या चाकांवर इथनं बाहेर पडली तर गॅरेज राहतं बघ. नाहीतर शटर ओढायचं."

शेवटच्या आठवड्यात गाडी रुसली. सुरू व्हायची, काळा धूर ओकायची आणि बंद पडायची. प्लग काढले तर ओले, काजळलेले. कार्बोरेटर उघडला. आधी सुई बघितली, कचरा नव्हता. नवी सुई घातली, तरी तेच. मग अण्णांनी फ्लोट माझ्या हातात दिला. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ डबी. ती पेट्रोलवर तरंगत वर येते आणि सुईला ढकलून पेट्रोलची वाट बंद करते. "कानाशी हलीव," अण्णा म्हणाले. हलवला. आत खळखळ झाली. डबीला भोक होतं, आत पेट्रोल शिरलं होतं, ती तरंगणार कशी?

गरम पाण्यात बुडवल्यावर जोडाजवळून बारीक बुडबुडे निघाले. तिथे खूण केली, डबी रिकामी करून पुरती वाळवली. आता कथिल वितळवून भोक बुजवायचं, म्हणजे डाख द्यायचा.

"स्वल्पच लाव. टाचणीच्या डोक्याएवढा. जड झाला की डबी खाली बसते, मग सुई उशिरा बंद होते न् पेट्रोल ओसंडतं. आणि शेठच्या काट्यावर तोलून आण."

ही अण्णांची पद्धत. शेठ म्हणजे कोपऱ्यावरचा सोनार, त्याच्या काट्यावर ते फ्लोट तोलून आणायचे, डाखाआधी आणि डाखानंतर. सोनार चेष्टा करायचा, "काय मिस्त्री, कुणाची मंगळसूत्रं करताय?"

मी डाख दिला. छान बसला. पण मला कुठे चैन? गळला तर? गाडी रस्त्यात बंद पडली तर? जिवाला घोर लागला की माझा हात थांबत नाही. मी वरून दुसरा डाख दिला, गोळाच बसला. तोललं असतं तर अण्णांनी सगळं उतरवून पुन्हा करायला लावलं असतं. मी सोनाराकडे गेलोच नाही.

"तोललास?"

"हो अण्णा."

दुसऱ्या दिवशी गाडी द्यायची होती. सकाळी ती थोडा वेळ चालवून बंद केली. बाई रेशमी साडी नेसून आल्या होत्या. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. अण्णांनी थाळीत कापूर पेटवला आणि गाडीला ओवाळायला पुढे सरकले.

मला वास आला. दाट, गोडसर. खाली वाकलो तर इंजिनाखालून ओल पसरत पुढच्या चाकाच्या लिंबापर्यंत आली होती. अण्णा त्याच ओलीकडे जळता कापूर घेऊन शांतपणे चालले होते.

"अण्णा, थांबा! पेट्रोल!" मी ओरडलो. "वास येत नाही का तुम्हाला?"

ते जागीच थांबले. थाळी हातात तशीच. ढकलली तर आग खाली सांडेल, म्हणून मी जळत्या कापरावर उघडा तळवा दाबून धरला.

माझा हात नळाखाली धरून बाई कन्नडमध्ये त्यांना म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला खरंच वास येत नाही? कधीपासून?"

अण्णा थाळीकडे बघत होते. "कोरोना झाला तेव्हापासनं, अम्मा."

बाई ओरडल्या नाहीत. माझ्या हाताला पट्टी बांधली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, "तू होतास म्हणून" असं काहीतरी म्हणाल्या. अण्णांना म्हणाल्या, "पेट्रोलचा वास न येणाऱ्या माणसाच्या हाती मी गाडी कशी ठेवू, तुम्हीच सांगा." दुपारी टेम्पो आला. गाडी जशी आली तशीच चढवली गेली. बाई होत्या तोवर 'डाख मी दिला, तोलला नाही' एवढं बोलायला मला भरपूर वेळ होता. मी पट्टीचा हात छातीशी धरून उभा राहिलो.

टेम्पो वळला तसे अण्णा लिंबं गोळा करायला लागले. वर न बघता म्हणाले, "डाख दोनदा दिलास काय?"

"हो."

"काट्यावर?"

मी नकारार्थी मान हलवली.

"बाईंना सांगू नको. माझं नाक तसंही गेलेलंच आहे. तुला अजून काम करायचं आहे." मग शेवटचं लिंबू उचलत म्हणाले, "मला ठाऊक होतं, आज ना उद्या कळणारच. पण असं चारचौघांत नको होतं रे तम्मा."

महिन्याभरात शटर ओढलं. त्यांनी आनेकलच्या एका गॅरेजवाल्याला फोन लावला. मी समोरच उभा होतो. ते सांगत होते, "भरवशाचा माणूस आहे. डाख तर असा देतो की बघत राहावं."