खरं बोलणारी वायर

घरच्या थर्मामीटरनं बाळाला एकशे तीन ताप दावला, म्हणून आमी नवराबायको कड्याहून आष्टीच्या दवाखान्यात निघालतो, आन् वाटंतच गाडीत इंजिन बिघडल्याचा दिवा लागला. गाडी रस्त्यावरच्या गॅरेजात घातली. गॅरेजवाल्या दादानं लॅपटॉप उघडला आन् गाडीचा बिघाड सांगणारी नवी वायर आधी सोताच्याच चांगल्या जीपला लावली. मी लई घाबरलते, रडकुंडीला आलते.

"दादा, बिघडलीय ती आमची गाडी."

"ताई, दम धरा. वायर खरं बोलती का बघू द्या."

त्या धडधाकट जीपला चौदा बिघाड निघाले. त्यानं हसत वायर कोपरावर गुंडाळली. "ही वापस करायची. चांगल्याला आजारी म्हणती." मग जुनी वायर आमच्या गाडीला लावली.

बाळ मांडीवर खिदळत व्हतं. मी पिशवीतलं तेच थर्मामीटर काढून पदराआड माझ्याच काखेत धरलं.

मला बी एकशे तीनच निघाला.