येसूबाईच्या वाट्याच्या ओव्या

औंढ्याच्या बयाबाई मावशी बरीच वर्षं आमच्या लोणावळ्याच्या घरी तांदूळ आणून देतात. वय ऐंशीच्या पुढचं, पाठ वाकलेली, पण नजर वजनकाट्यावरून हलत नाही. तांदूळ पाखडता पाखडता त्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात. त्यांच्या विहारातल्या बायकांनी बुद्धपौर्णिमेला या ओव्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

जात्याला दोघी बसत. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने तिला जोडून पुढची. नवऱ्याने टाकल्यावर मावशी माहेरी आल्या, तेव्हा त्यांच्यासमोर बसायची वहिनी, येसूबाई. ती तापाने गेली तेव्हा तिची शालन रांगत होती. पोर मावशींनीच वाढवली. येसूबाईचा फोटो नाही, दुसरी काही खूण नाही. आहेत त्या ओव्या. शालन आता स्वतः आजी झाली आहे, तरी आईच्या ओव्यांखाली आईचं नाव आलंच पाहिजे, हे सुदुंबऱ्याच्या सासरहून मुद्दाम येऊन मला बजावून गेली.

मावशी सांगत, मी लिहून घेई. ही माझी, ही वहिनीची. सुरुवातीपासून मला काहीतरी खुपत होतं. बायका दोन, मग दोघींच्या ओव्यांत श्वास एकाच जागी कसा तुटतो? आणि एका ओवीत तर येसूबाई लेकीला सांगते, आत्याला अंतर देऊ नकोस. ती मला जरा जास्तच मावशींच्या सोयीची वाटली. मग एक दिवस वहिनीची म्हणून ही आली:

लेक दिली सुदुंबऱ्याला, वाट जाती नदीकाठी
शालनबाई माझी गं, चोळी धाडिते तुझ्यासाठी

रांगती पोर पुढे सुदुंबऱ्याला दिली जाणार, हे येसूबाईला कोणी सांगितलं?

कॉलेजात संख्याशास्त्र शिकताना गाळलेला आकडा आम्ही मागच्यापुढच्या आकड्यांवरून काढून मधे बसवायचो. पण हा अंदाज आहे, अशी खूण करावी लागे. पोथ्यांत कुणी मागाहून घातलेल्या ओळींना अभ्यासक प्रक्षेप म्हणतात आणि वेचून बाजूला काढतात. आमचा नवा टीव्हीसुद्धा दोन चित्रांच्या मधे न काढलेलं चित्र स्वतःच्या मनाने घालतो, म्हणून त्यावर जुने सिनेमे खोटे दिसतात. मावशींनी यातलं काय केलं होतं? पोरीला धरून ठेवायला मेलेल्या आईचा आवाज वापरला, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

पुढच्या खेपेला शालनही आली. मी सुदुंबऱ्याची ओवी वाचली आणि एवढंच विचारलं, ही कधीची?

मावशी तांदळातले खडे वेचत होत्या. शालनकडे न बघता म्हणाल्या, "माजी हाय. तू न्हानपणी रोज मागायचीस, माज्या आईची म्हन. वहिनीच्या हुत्या तेवढ्या सरल्या. मंग म्या घालत गेले."

"समद्या?" शालनने विचारलं.

"एक तिची हाय. तिच्या बाकीच्या इसरले."

दळन सरलं बाई, सुपात उरला एक घास
माझ्या रांगत्या शालनचा पदराला येतो वास

"आन् ही तरी तिचीच कशावरनं?"

"तिचीच हाय. पर आता तुला कुटल्या तोंडानं सांगू?"

शालन उठून खिडकीशी गेली. आयुष्यभर ऐकलेलं सगळं ती मनात पुन्हा चाळत असावी. परतली ती माझ्याशी बोलायला. समद्यांखाली आत्याचं नाव घाला, म्हणाली. त्या एकीखाली काय घालू, मी विचारलं.

तिने आत्याकडे रोखून पाहिलं. जरा आधी मीही तशीच पाहत होते.

"आईचं," ती म्हणाली. "आन् ती आत्याला अंतर देऊ नको म्हणती, ती काडून टाका. ते मला कुनी सांगायची गरज नव्हती."

मी ती ओवी खोडली. मावशींनी मान वर केली नाही.