पंखा बंद करून

खोपटला कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. प्रोसेसर तापलाय का, हे ते आईने ताप बघावा तसं पालथ्या हाताने बघायचे. लग्नपत्रिकांची माझी कामं लवकर उरकावीत म्हणून मी म्हटलं, "हा तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेच्या वेगाने पळवा."

"घरात पंखा कुठंय?"

"एकच आहे, मुलीच्या पाळण्यावर."

साडेचारशेवर मशीन झकास सुरू झालं. मी निघालो, तर म्हणाले, "बसा हो." त्यांनी दुकानातला पंखा बंद केला. भर मे महिन्यातली दुपार. मी मनातून चिडलेलो, ते शांतपणे घाम पुसत होते. तासाभरात मशीन अडकलं. त्यांनी वेग थोडा उतरवला, पुन्हा तीन तास बसले.

"आता न्या."

मुलगी पाळण्यातून उतरेपर्यंत मशीन एकदाही अडकलं नाही. पंखा तिच्यावरच राहिला.