उजवीकडची जागा

आमच्या घरात आई बाबांशी माझ्यामार्फत बोलायची. भांडण नव्हतं, रीत होती. सासू-सासऱ्यांदेखत, दिरादेखत नवऱ्याशी तोंडावर बोलायचं नाही, म्हणून मधे मी; पुढं ती सवयच झाली, आसपास कुणी नसलं तरी. "बाबांना म्हणावं, पाणी काढलंय." "बाबांना विचार, भाकरी वाढू का?" बाबा हातभर अंतरावर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू जायचं, तरी मी सांगेपर्यंत ते जागचे हलायचे नाहीत. मी घरातलं टपालखातं होते आणि मला त्याचा भारी तोरा होता.

हे टपाल दोन वर्षांतून एकदाच चालायचं, कारण बाबा मस्कतला एका गॅरेजात मेकॅनिक होते. मी आईच्या पोटात असताना ते गेले ते गेलेच. दोन वर्षांनी दीड महिना यायचे, जाताना "पुढच्या खेपेला कायमचा येतो" म्हणायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा जायचे. जायच्या आधी आईला विचारलंय असं कधी झालं नाही. "तिकीट आलंय" एवढं सांगायचे. मग आई मुकाट्यानं त्यांची बॅग भरायची, आणि मी दोन दिवस कुणाशी बोलायची नाही.

मी अकरा वर्षांची असताना बाबा आले आणि म्हणाले, मागून जहाजानं गाडी येतेय. मोटारकार! त्यांनी तिथं वापरलेली, त्यांच्या नावावरची. आमच्या गल्लीत तेव्हा एक स्कूटर होती आणि तिच्या मालकाला लोक वाकून नमस्कार करायचे. काका म्हणाले, "आन् सरकार आणू देतंय व्हय?" बाबा म्हणाले, "कुणालाबी नाय देत. जो कायमचा परत आला त्यालाच देतंय. तसं लिहून द्यावं लागतं."

मी दारामागं उभी होते. मोटार, जहाज, सरकार हे सगळं माझ्या कानावरून गेलं. एकच शब्द राहिला, कायमचा. म्हणजे ती गाडी एकदा का सरकारकडून सुटली की बाबा अडकले! त्यानंतरचा महिनाभर मी त्या जहाजासाठी देवाला इतकं काही कबूल केलं की त्यातलं निम्मं अजून फेडायचं राहिलंय.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडं होतं. मस्कतला रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात, म्हणून. पण आपल्याकडं तसल्या गाडीतून ट्रकच्या पुढं जायचं तर ड्रायव्हरला समोरचं दिसतच नाही. उजवीकडं कुणीतरी बसून वाकून बघावं लागतं आणि मोकळं आहे की नाही ते सांगावं लागतं. त्या जागेवर काका बसणार होते. पण ऐन वेळी चितेगावला आमच्या विहिरीवरची मोटार जळाली, काका तिकडं अडकले आणि बाबा आजीला म्हणाले, "मग हिलाच नेतो." हिला, म्हणजे आईला! आई वैजापूरच्या पुढं कधी गेलेली नव्हती. मला न्यावंच लागलं, कारण मी नसले तर ती दोघं बोलणार कशी?

मुंबईच्या गोदीत मी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि त्याच्याकडं नीट पाहिलंही नाही. समोर गाडी उभी होती. दुधी रंगाची, अंगावर खडूनं आकडा लिहिलेली, काचेवर अरबी अक्षरांची चिकटपट्टी. बटण दाबलं की काच खाली! मी हादरलेच. आत वाकून बघितलं तर पायाखालच्या रबरी चटईत बारीक पिवळी वाळू होती. दुसऱ्या देशाची जमीन, आणि ती समुद्रावरून आमच्यापर्यंत आली होती. मी बोट लावून पाहिलं आणि अंगावर काटा आला.

कस्टमच्या साहेबांनी चेसिसवरच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, उमटलेले आकडे आणलेल्या कागदांशी ताडून पाहिले आणि विचारलं, "कायमचे परत आलात ना?"

"व्हय साहेब," बाबा म्हणाले आणि सही करायला टेबलाशी गेले.

आई माझ्याजवळ सरकली. अगदी हळू म्हणाली, "बाबांना विचार, ते खरं हाय का नुसतं गाडीपायी लिवलंय?"

हे मला सुचलंच नव्हतं. "विचारते," म्हटलं, आणि विचारलं नाही. टपालखात्यानं दाबून ठेवलेला तो एकमेव निरोप. बाबा "गाडीपायी" म्हणाले असते तर मी काय केलं असतं? मी चटईतली चिमूटभर वाळू काडेपेटीत भरत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. इगतपुरीच्या पुढं आमच्यापुढं कडब्याचा ट्रक लागला. बाबांनी गाडी थोडी उजवीकडं काढली आणि सवयीनं म्हणाले, "आईला विचार, मोकळं हाय का?"

मी मागच्या सीटवरून विचारलं. आई खिडकीतून वाकली. "सांग बाबांना, एसटी येतीय."

"बाबा, आई म्हणती..."

एवढं म्हणेपर्यंत लाल एसटी अख्खी काचेत आली होती. बाबांनी कच्चकन गाडी आत घेतली, कडब्याची पेंढी बॉनेटला घासून गेली आणि आम्ही धुरळ्यात कडेला थांबलो. एवढं सरळ येणारं संकट, आणि आम्ही ते रीतीनं, माझ्यामार्फत कळवत होतो!

बाबा आईकडं वळले. "आता पोरीला मधी घेऊ नको. मला सांग. तोंडावर. मोकळं असलं तर चला म्हण, नसलं तर थांबा."

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मला वाटलं, आता आम्ही घरापर्यंत कडब्याच्या मागंच राहणार.

पुढचा ट्रक आला. आई वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "थांबा."

तो आवाज मी तोवर ऐकलेला नव्हता. बाबा थांबले. दोन ट्रक, एक बैलगाडी समोरून गेली. "चला," आई म्हणाली, आणि बाबांनी न बघता, खरोखरच काही न बघता, गाडी काढली. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. अकरा वर्षं घरातलं सगळं दुसऱ्या देशातून ठरवणारा माझा बाप आईच्या एका शब्दासाठी श्वास धरून बसत होता. त्या काच-बटणाचं मला एवढं नवल वाटलं होतं, पण ते या नवलापुढं काहीच नाही. येवल्यापर्यंत आईचा पदर खांद्यावर आला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

संध्याकाळी नगर नाक्यावरून शहरात शिरलो. तिथला पोलीस आईकडं बघतच राहिला. सगळ्या गाड्यांत ड्रायव्हर बसतो तिथं एक लुगड्यातली बाई, हात मांडीवर, आणि गाडी चाललीय! त्यानं सलाम ठोकला. आईनंही मान हलवली.

आठ महिन्यांनी मस्कतहून पत्र आलं. मालकानं परत बोलावलं होतं, पगार वाढवून. ओसरीवर सगळे जमले. काका म्हणाले, "जा की मग. गाडी काय, राहील पत्र्याखाली. सरकारचं कोण बघायला येतंय?" आजोबांनीही मान डोलावली. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी निरोप न्यायला उभी राहिले.

पण बाबा मला ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघू लागले. आई चौकटीत उभी होती.

"काय करू?" बाबांनी तिला विचारलं. सगळ्यांदेखत.

आई लगेच बोलली नाही. रस्त्यावरही ती आधी नीट बघून घ्यायची.

"थांबा," ती म्हणाली.

बाबांनी पत्राची घडी केली. पुढं बजाजनगरच्या वळणावर त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि तीस वर्षं रोज संध्याकाळी घरी आले.

बाबा गेल्यावर एकदा मी आईला सांगून टाकलं, की गोदीतला तिचा तो प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता.

"मला ठावं हाय," आई म्हणाली. "बरं केलंस. त्या दिवशी विचारलं असतंस, तर ते गाडीपायीच म्हणले असते."